सात जणी आणि ८० रुपये

दोस्तांनो, शाळेच्या आनंदमेळ्यात भेळेचा स्टॉल लावायचा किंवा दिवाळीत कंदील विकायचे, असा बेत तुम्ही कधी ना कधी केला असेलच. आधी काय ठरवलंत? काय विकायचं ते, की सोबत कोण घ्यायचं ते? मोठ्यांनाही नवा धंदा काढताना हेच कोडं पडतं.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात गृहिणी जमल्या. भांडवल काय, तर छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये! त्या दिवशी पापडांची चार पाकिटं तयार झाली. हीच पुढे झालेली 'लिज्जत'.

पापडच का बरं? यंत्र नको की दुकान नको. पोळपाट-लाटणं घरातलंच आणि कला हातातली. पण पावसाळा आला नि पापड वाळेनात! चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. सुटला प्रश्न!

आता त्यांची टीम पाहा. मालक-नोकर असा भेदच नाही. प्रत्येक 'बहीण' मालकीण. नफा झाला तरी वाटून, तोटा झाला तरी वाटून. निर्णय सगळ्यांच्या संमतीनेच. देणगी मात्र कुणाकडूनही घ्यायची नाही. पहिल्या वर्षी विक्री झाली ६,१९६ रुपयांची.

मग टीम चांगली असली की काहीही जमतं? छे! १९६१ मध्ये मालाडला शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. १९७० च्या दशकात मसाले चालले. पण आगपेट्या, अगरबत्त्या आणि चामड्याच्या वस्तूंचे उद्योग फसले. संस्था तीच, एकीही तीच. तरी प्रत्येक कल्पना काही पापडासारखी हाताला बसली नाही. पण तोटा वाटून घ्यायची तयारी होती, म्हणून एक उद्योग फसला तरी घर मोडलं नाही.

आज या संस्थेत ४५ हजारांहून अधिक बहिणी आहेत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

तेव्हा अंधेरी असो वा मुलुंड, पुढचा स्टॉल लावण्याआधी एकमेकांना दोन प्रश्न विचारा. हे काम आपल्या हातांना येतं का? आणि भेळ उरली, तर तोटा सगळे मिळून सोसणार ना? दोन्हींना 'हो' आलं, तर खुशाल चुरमुरे आणायला निघा!