‘फॅरनहाइट ४५१’ : कादंबरी आणि चित्रपट – एक तुलना

प्रास्ताविक

बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. पण अक्षरओळख झालेल्यांच्या हाती पुस्तक पडले नाही तर शिकलेले विसरले जाते. हे ओळखून सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून सावलीसारख्या गावांपर्यंत व पुढे खेड्यांपर्यंत ग्रंथालयांची साखळी उभारावी, अशी ती योजना होती. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठविणारी फिरती ग्रंथालये हा तिचाच एक भाग होता.

राज्याने घरोघर पुस्तके पोहोचवावीत, या विचाराच्या नेमके उलट चित्र अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांनी ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) या कादंबरीत रंगविले. तेथे सरकारी माणसे घरोघर जाऊन पुस्तके जाळतात. आजच्या दोषांचा उद्याचा भयावह कळस दाखविणाऱ्या अशा साहित्यास ‘डिस्टोपिया’ म्हणतात. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९६६ साली या कादंबरीवर त्याच नावाचा इंग्रजी चित्रपट काढला. या दोन कलाकृतींतील साम्य-भेद पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कादंबरीचा आशय

कथानायक माँटेग हा अग्निशामक दलात आहे, पण त्याचे काम आग लावण्याचे. एके दिवशी एक वृद्धा आपल्या पुस्तकांसह स्वतःला जाळून घेते आणि या पानांत असे काय आहे, हा प्रश्न त्याला छळू लागतो. त्याचा वरिष्ठ बीटी त्याला जो इतिहास सांगतो, तो कादंबरीचा गाभा होय. सुरुवातीला कोणतेही सरकारी फर्मान निघाले नव्हते. लोकांनाच सवड उरली नाही. ग्रंथांचे सारांश झाले, सारांशांचेही सारांश झाले. कोणाचे मन दुखावू नये म्हणून मजकूर गाळला गेला. आग सर्वांत शेवटी आली. माँटेगची पत्नी मिल्ड्रेड भिंतीएवढ्या पडद्यांवरील पात्रांनाच आपले ‘कुटुंब’ मानते.

फेबर हा वृद्ध प्राध्यापक माँटेगला सांगतो, की जादू कागदात नाही. तीन गोष्टी लागतात : जीवनाचा पोत असलेले लेखन, ते पचविण्यास सवड, आणि त्यातून जे उमगले त्याप्रमाणे वागण्याची मोकळीक.

चित्रपटातील बदल

त्रुफो यांनी फेबर हे पात्रच वगळले. माणसाचा माग काढणारा यांत्रिक कुत्राही चित्रपटात नाही. त्यामुळे वैचारिक वादाची बाजू काहीशी दुबळी झाली आणि दोष प्रामुख्याने जाळणाऱ्यांकडे गेला. कादंबरीत तो न वाचणाऱ्यांकडेही आहे.

याची भरपाई चित्रपट दृश्यांनी करतो. आरंभीची श्रेयनामावली पडद्यावर लिहिलेली नाही, ती बोलून दाखविली आहे. वृत्तपत्रात केवळ चित्रे आहेत. अक्षर नाहीसे झालेला समाज प्रेक्षक असा प्रत्यक्ष अनुभवतो. माँटेग पहिले पुस्तक उघडतो, तेव्हा मुखपृष्ठानंतरच्या पानावरील मजकूरही तो नुकत्याच अक्षरे शिकलेल्या मुलासारखा अडखळत वाचतो. पत्नी (चित्रपटात लिंडा) आणि वाचनाकडे ओढा असलेली क्लॅरिस या दोन्ही भूमिका ज्युली ख्रिस्ती यांनीच केल्या आहेत. एकच चेहरा जिज्ञासेने आणि जिज्ञासेवाचून कसा दिसतो, हे त्यातून कळते.

दोन शेवट

सर्वांत मोठा भेद शेवटात आहे. कादंबरीत क्लॅरिस मध्येच नाहीशी होते. ती मेली असे सांगितले जाते. अणुयुद्धात शहर क्षणात नष्ट होते आणि ग्रंथ मनात जपणारे निर्वासित पुनर्रचनेसाठी तिकडे निघतात. चित्रपटात युद्ध नाही, क्लॅरिसही जिवंत आहे. पडत्या बर्फात माणसे आपापला ग्रंथ पुटपुटत फिरतात. मरणासन्न वृद्ध एका मुलाकडून आपला ग्रंथ पाठ करून घेतो.

हे दृश्य आपल्याकडील वाचकास परके वाटणार नाही. कुरआन मुखोद्गत करणाऱ्या हाफिजांची परंपरा सर्वपरिचित आहे. इंद्रायणीत बुडविलेली तुकोबांची गाथा लोकांच्या मुखी राहून तरली, असेही महाराष्ट्रात सांगितले जाते. मात्र त्रुफोंच्या अरण्यात जो तो आपला ग्रंथ घोकतो. त्याचा अर्थ कोणी कोणाला विचारताना दिसत नाही. मजकूर वाचला, पण मनन? फेबरची दुसरी व तिसरी अट येथे आठवते.

समारोप

कादंबरीचा इशारा खुद्द तिच्याच बाबतीत खरा ठरला. १९६७ पासून निघालेल्या शालेय आवृत्तीत प्रकाशकांनी लेखकास न कळविता सुमारे ७५ ठिकाणी फेरफार केले होते. १९७९ च्या सुमारास हे उघडकीस आल्यावर मूळ पाठ पुन्हा छापण्यात आला. तेथे कोणी आग लावली नव्हती.

सारांश, चित्रपट पुस्तक गमावण्याचे दुःख अधिक उत्कटपणे दाखवितो, तर ते कसे गमावले जाते हे कादंबरी अधिक स्पष्ट करते. म्हणून दोन्ही एकत्र अभ्यासणे हिताचे. बडोदे संस्थानात शाळा आधी आली आणि ग्रंथालय तिच्या मागोमाग. वाचता येणे आणि पुस्तक मिळणे या दोन पायऱ्या त्याने साधल्या. सवडीने वाचणे आणि वाचलेल्यावर मोकळेपणाने बोलणे ही पुढची पायरी कोणतीही पेटी पोहोचवू शकत नाही. शिक्षणसंस्थांनी ग्रंथालयातील पुस्तकांची संख्या मोजताना वाचनाचे तास आणि चर्चेच्या बैठकाही मोजाव्यात, एवढा व्यावहारिक बोध या तुलनेतून निश्चित घेता येतो.