पहिल्या तासाला डोळे का मिटतात?

सकाळी सातची शाळा. दहावीच्या वर्गात पहिल्या तासाला मागच्या बाकांवर नजर टाका. कुणी हनुवटी तळहातावर टेकवलेली, कुणाच्या वहीत अक्षर बारीक होत होत ओळीखाली घसरलेलं. ‘रात्रभर मोबाइल पाहतात, दुसरं काय!’ असं आपण म्हणून मोकळे होतो. मोबाइलचा वाटा आहेच, पण या पेंगण्याचं मूळ वाढत्या शरीरात आहे.

झोप कधी येणार, हे दोन गोष्टी मिळून ठरवतात. झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली ही मांडणी केली. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साचत जातं आणि झोपेत ओसरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन ते काढून टाकत नाही, फक्त त्याचा परिणाम काही तास अडवून धरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो वेळ जुळवून घेतो आणि रात्र होऊ लागली की झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवण्याचा इशारा देतो.

वयात येताना या दोन्हींत बदल होतो. मेलाटोनिन स्रवण्याची वेळ तास-दोन तास पुढे सरकते आणि दिवसभरात झोपेचा दाबही लहानपणापेक्षा सावकाश वाढतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्कॅडन यांनी या बदलाचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. म्हणून साडेनऊला दिवा मालवला तरी पंधरा वर्षांचा मुलगा कूस बदलत पडून राहतो. तो हट्ट करत नसतो. त्याच्या शरीराची रात्र अजून झालेलीच नसते.

आता हिशेब मांडू. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी. साडेअकराला डोळा लागला आणि साडेपाचला गजर झाला, तर मिळाले जेमतेम सहा तास. रोज किमान दोन तास कमी, म्हणजे शनिवारपर्यंत बारा तासांची तूट. शिवाय स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. नेमकी तीच कापली जाते. परिणाम दिसतो तो लक्ष, स्मरण आणि चिडचिडीत. रविवारी अकरापर्यंत झोपून थोडी भरपाई होते, पण घड्याळ आणखी पुढे सरकतं आणि सोमवारची सकाळ जास्तच जड जाते.

घरी काय करता येईल? सकाळी उठल्याबरोबर मोकळ्या उजेडात यावं. त्यानं घड्याळ अलीकडे सरकतं. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. झोपण्याआधी तासभर दिवे मंद करावेत आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. सुट्टीच्या दिवशी उठायला फार तर तासभर उशीर चालेल. रात्री क्लासहून आल्यावर पुन्हा पुस्तक उघडून बसण्यापेक्षा तो वेळ झोपेला द्यावा. पुरेशी झोप मिळूनही पेंग येत असेल, मूल जोरात घोरत असेल किंवा बोलता बोलता डोळे मिटत असतील, तर डॉक्टरांना दाखवावं.

तरीही सातची घंटा घराच्या हातात नसते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरानं २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा विद्यार्थ्यांची झोप रोज सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. म्हणजे मिळालेला वेळ मुलांनी जागून वाया घालवला नाही. महाराष्ट्र शासनानं २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. पण घड्याळ पुढे सरकतं ते त्यांच्या मोठ्या भावंडांचं, आणि ती त्या निर्णयाबाहेर राहिली. पुढच्या पालकसभेत गुणांच्या बरोबरीनं शाळेच्या वेळेचा विषयही पालकांनी काढायला हवा.