चतुर्दल पर्ण आणि भाग्याची कल्पना

क्लोव्हर या वनस्पतीचे चार दलांचे पान सापडणे हे युरोपात भाग्यसूचक मानले जाते. जॉन मेल्टन या इंग्रज लेखकाने १६२० मध्ये ही लोकसमजूत नोंदविली होती. या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘ट्रायफोलियम’, म्हणजे ‘त्रिपर्णी’. चौथे दल त्या नावालाच छेद देते. हजारो पानांत एखादेच तसे निघते. मग शुभत्व चार या संख्येत आहे की अपवादात?

उत्तर आपल्याकडील दोन वनस्पती देतात. पाणथळ जागी उगवणाऱ्या, संस्कृतात ‘सुनिषण्णक’ म्हटलेल्या वनस्पतीला नेहमीच चार दले असतात; ती भाजी म्हणून खाल्ली जाते, भाग्यचिन्ह म्हणून जपली जात नाही. उलट, चाऱ्यासाठी लावले जाणारे बरसीम हे ट्रायफोलियमच होय. तरी त्याच्या पानाविषयी तशी समजूत मराठीत रूढ नाही. म्हणजे संख्या पुरेशी नाही, आणि वनस्पतीही पुरेशी नाही. विरळतेला अर्थ देणारी परंपरा लागते.

आपल्या परंपरेत पानाचे पावित्र्य बहुधा नियमातून येते. बेल त्रिदल आणि अखंड हवा. आपट्याचे पान जोडदलासारखे असते, म्हणून दसऱ्याला ते सोने होते असे नव्हे, तर रूढीने होते. चार-पाच दलांचा बेल काही भाविक विशेष मानतात. पण तो खिशात ठेवण्यासाठी नव्हे, वाहण्यासाठी. अहिल्यानगर जिल्ह्यातील सिद्धटेकचा गणपती अष्टविनायकांत एकटाच उजव्या सोंडेचा मानतात. तेथेही दुर्मिळतेबरोबर सोवळ्याची कडक शिस्त येते. येथे अपवाद हा लाभ नसून जबाबदारी आहे.

शब्दही हाच भेद दाखवितात. ‘भाग्य’ हा शब्द ‘भाग’ या शब्दाशी निगडित आहे. अरबीतून आलेल्या ‘नशीब’ आणि ‘किस्मत’ या शब्दांच्या मुळाशीही वाटा, वाटणी हाच अर्थ आहे. वाटा आधीच ठरलेला असतो, तो कुरणात सापडत नाही. अवचित दिसून पुढचे सुचविणारी गोष्ट म्हणजे ‘शकुन’. मूळ संस्कृतात या शब्दाचा अर्थ पक्षी. चतुर्दल पर्ण हे भाग्य नव्हे, शकुन होय. लोकसमजुतींचे संकलन वा भाषांतर करताना दोहोंना ‘शुभ’ या एकाच सदरात घातले, तर विचार करण्याच्या दोन निराळ्या रीती एकीत मिसळून जातील.