आखूड दांडीचे वेड

कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या प्रीमिअर पद्मिनीवर ज्यांचा हात बसला, त्यांना गिअरच्या दांडीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तिची दांडी स्टिअरिंगला लागून असे आणि तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे. प्रत्येक सांधा थोडाथोडा झिजला की सेकंड टाकायला हात बराच फिरवावा लागे, आणि एवढे करून गिअर पडला की नाही ते क्लच सोडल्यावरच कळे. इंजिनाची ताकद आणि ॲव्हरेज यांवर आपल्याकडे तासन्‌तास गप्पा रंगतात, दांडीवर कोणी बोलत नाही. मला मात्र कुठल्याही गाडीत बसलो की आधी न्यूट्रलमध्ये दांडी हलवून बघायची खोड आहे.

या खोडीने मला माझदा एमएक्स-५ च्या नादी लावले. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात. आपल्याकडे माझदा म्हटले की आठवते ती शाळेची नाहीतर कंपनीची स्वराज माझदा मिनीबस; ही दोघांपुरती, उघड्या टपाची गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकायला आलीच नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. इंजिन १.६ लिटरचे, ११६ अश्वशक्तीचे. म्हणजे ताकदीच्या बढाया मारण्याची सोय नाही. पण तोशिहिको हिराई यांच्या चमूने गाडी हलकी ठेवली आणि दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवली. मध्ये केबल नाही, सळ्यांची साखळी नाही. हाताला जे जाणवते ते गिअरबॉक्सचेच.

इतिहास उरकून घेतो. पूर्वी गिअर बदलताना क्लच दोनदा दाबून इंजिनाचा वेग जुळवावा लागे. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणला, पितळी कड्या हा वेग जुळवू लागल्या आणि चालकाचे श्रम वाचले. एवढे पुरे.

आता दांडी. पहारीने दगड उचटताना टेकू पुढेमागे सरकवला की काय होते, तेच इथे घडते. दांडीला मध्ये एक गोळा असतो, तो तिचा टेकू. समजा गोळ्याच्या वर २०० मिलिमीटर लांबी आहे आणि खाली ५०. आतला दांडा १२ मिलिमीटर सरकवायचा तर वरची मूठ ४८ मिलिमीटर हलवावी लागेल. खालचे टोक ५० चे ६० केले की मूठ ४० मध्येच काम उरकते. पण जोर वीस टक्के जास्त लागतो. आखूड दांडी विकणारे पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, दुसरा सांगत नाहीत. शिवाय सिंक्रोच्या पितळी कडीला वेग जुळवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. हात घाईने पुढे गेला तर ती कडी घासते. विशेषतः थंड गाडीत सेकंड टाकताना.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याकडे १९९० ची लाल मिआटा आहे. "मामा, गिअर लोण्यातून गेल्यासारखा वाटतो, आखूड दांडी मागवलीय," असे त्याने फोनवर सांगितले, तेव्हाच मला शंका आली. कारण या गाडीचा गिअर मुळातच आखूड आहे. मूठ जेमतेम दोन इंच हलते. तिथे गेल्यावर आम्ही त्याच्या गॅरेजात मधला कन्सोल उघडला. गाडी वर उचलायची गरज नसते, सगळे काम आत बसूनच होते. फक्त चाकांना ठोकळे लावायचे. मूठ फिरवून काढली, वरचे मोठे रबरी बूट काढले. खालचे छोटे बूट चक्क चिरलेले होते. मिआटाच्या कन्सोलला हात लावला की भाजल्यासारखे का होते, याचे उत्तर बहुतेक वेळा याच चिरेत असते. गिअरबॉक्सभोवतीची गरम हवा आणि आवाज तिथूनच वर येतो.

मग तीन बोल्ट सोडवून दांडी वर उचलली. ही माझी सर्वांत आवडती जागा. दांडी बसते त्या कोनाड्याला टरेट म्हणतात. त्याचे तेल गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळे, आणि ते बदलायचे असते हे पुष्कळ मालकांना ठाऊकच नसते. फाटलेल्या बुटामुळे भाच्याच्या गाडीत तळाशी काळपट चिखल तेवढा उरला होता. मोठ्या सिरिंजने तो ओढून काढला. दांडीच्या खालच्या टोकावर नायलॉनचा एक वाटीसारखा बुश असतो, करंगळीच्या पेराएवढा. तो बहुधा टोकाबरोबर वर येत नाही, आतच चिकटून राहतो आणि लांब चिमट्याने शोधून काढावा लागतो. भाच्याचा बुश निघाला तो दोन तुकड्यांत. लोण्यातून गेल्यासारखा गिअर म्हणजे हाच तुटका बुश!

नवा बुश, नवे बूट, गोळ्यावरची नागमोडी वॉशर, आणि ८० ते ९५ मिलिलिटर ताजे गिअर ऑइल. जुनी दांडीच परत बसवली. बूट लावण्याआधी एकेक गिअर, रिव्हर्ससकट, टाकून बघितला. खट्. पुन्हा खट्. भाचा गप्प झाला. नवी दांडी खोक्यातच राहिली. या कामात उघड्या टरेटवर कापड ठेवायला विसरू नका. आत पडलेला नट काढायचा म्हणजे चहा-पोहे विसरा.

तेलाबद्दल माझे मत ठाम आहे. गाडीच्या पुस्तिकेतली श्रेणी पाहावी आणि पितळी कड्या असलेल्या जुन्या बॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-४ घालावे. गिअर कुरकुरतो म्हणून लोक आधी दांडी बदलतात, तेल शेवटी. क्रम उलटा हवा. दांडीहूनही स्वस्त उपाय म्हणजे वजनदार मूठ. धातूची जड मूठ स्वतःच्या वजनाने हात पुढे नेते, गिअर हलका भासतो. फक्त उन्हात उभ्या गाडीत तिला हात लावून बघाच.

पोर्शे ९११ ची गोष्ट अगदी वेगळी. तिचा गिअरबॉक्स मागे, दांडी पुढे, मध्ये बोगद्यातून लांब सळी. १९७२ पासूनच्या ९१५ गिअरबॉक्सला लोक मऊ, वेंधळा म्हणतात. पण पुष्कळदा दोष सळीच्या जोडावरच्या झिजलेल्या बुशांचा असतो. तिथेही आखूड दांडी लावून झीज लपते, जात नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत केबल असतात, तिथे केबलच्या टोकाचे बुश आधी पाहावेत.

हे सगळे नीट करूनही ज्याला आखूडच दांडी हवी, त्याने ती जरूर घ्यावी. घेताना एकसंध पोलादी नको. वरचा आणि खालचा भाग मध्ये रबर घालून जोडलेला असेल ती पाहा, नाहीतर ठरावीक आरपीएमला मूठ हातात गुणगुणत राहते. उंची कमी करण्याचे आकडे वाचून भुलू नका, जोर किती वाढतो ते विचारा. आणि कंपनीची मूळ दांडी कापडात गुंडाळून जपून ठेवा. जुनी स्पोर्ट्‌स कार विकायला काढली की चांगले गिऱ्हाईक सगळ्यात आधी मूळचे भागच मागते.