मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

जूनमध्ये शाळा उघडल्या की वह्या-दप्तरांच्या खर्चाने घर मेटाकुटीला येते. तरीही चार पैसे मागे टाकून मुलांना एखादे अवांतर पुस्तक घेणारे आईबाप आपल्या समाजात आहेत. रेवदंड्याच्या वाड्यांत राबणारे आहेत, गवंडीकामावर जाणारे आहेत. ते पुस्तक कसे निवडावे, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

बाबासाहेब शाळेत असताना एका सत्कारात दादा केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते वाचून त्यांनी वडिलांना विचारले, आम्हाला रामायण-महाभारतच का वाचायला लावता? सुभेदार रामजी आधी रागावले. नंतर मात्र त्यांनी आपले कारण समजावून सांगितले. बाबासाहेबांचे समाधान झाले नाही, आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. ही हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. पुस्तकाने प्रश्न जागा केला आणि घराने तो विचारू दिला. दोन्ही गोष्टी लागतात.

प्रश्न विचारण्याने जीव वाचतो, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने लहान मुले दगावत. लोक आधी मांत्रिकाकडे धावत. बहुतेक विंचवांची कळ काही तासांनी आपोआप उतरते, पण श्रेय मंत्राला मिळे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. विषाचा घाला हृदयावर पडतो हे ओळखले आणि प्रॅझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात 25-30 दगावत, ते प्रमाण 1-2 वर आले.

अशी नजर देणारे पुस्तक ओळखायला फार शिक्षण लागत नाही. घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली: पुस्तक नुसते ‘असे आहे’ म्हणते, की ‘हे कसे कळले’ तेही सांगते?

दुसरी: मुलाला काही स्वतः पडताळता येते का? भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते, असे पुस्तकात असेल तर मुलाने आठवडाभर कुंडलिकेच्या खाडीवर जाऊन वेळा वहीत लिहाव्यात. उधाण आणि भांग कधी, हे कोळीदादांना विचारावे आणि आपली वही त्याच्याशी ताडून पाहावी.

तिसरी: गोष्टीत शंका घेणाऱ्याला शिक्षा होते का? ससा-कासव बोलले तर बिघडत नाही, मुलांना ती गंमत कळते. पण ‘विश्वास ठेवला नाही म्हणून वाटोळे झाले’ असे शिकवणारे पुस्तक परत ठेवावे. आपल्या महापुरुषांची चरित्रेही याच कसोटीला लावावीत. त्यांच्या कष्टांच्या जागी चमत्कार घातले, की त्यांचे मोठेपण कमीच होते.

नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके स्वस्त असतात. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा मोठ्या मुलांना आवडतील. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके मोफत मिळतात. पाच घरांनी मिळून एकेक पुस्तक घेतले, तर प्रत्येक मुलाला पाच वाचता येतील.

आणि उद्या मुलाने आपल्यालाच विचारले, ‘आई, हे कशावरून?’ तर रागावू नका. उत्तर येत नसेल तर म्हणा, ‘चल, शोधू या.’