श्रवणयंत्र आणि विसराळूपणा : संशोधन नेमके काय सांगते?

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांकडून एक नवा प्रश्न वारंवार ऐकू येतो. ‘डॉक्टरसाहेब, कानाला मशीन लावली की बाबांचे विसरणे थांबते म्हणतात, खरे का?’ सेनगाव किंवा औंढ्याकडून आलेला मुलगा मोबाइलवरील बातमी पुढे करतो आणि तीत ‘४८ टक्के’ हा आकडा ठळक असतो. हळद विकून हाती आलेल्या पैशांतून महागडे यंत्र घ्यावे की नाही, हा निर्णय त्या आकड्यावर तोललेला असतो. म्हणून तो आकडा कोठून आला, हे समजावून घेणे प्रत्येक घराच्या हिताचे आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जुलै २०२३ मध्ये ‘अचीव्ह’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्ती त्यात सहभागी होत्या. सर्वांना ऐकू कमी येत होते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला श्रवणयंत्र व तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले, तर दुसऱ्याला आरोग्यविषयक शिक्षण. तीन वर्षांनी स्मरण व विचारशक्तीच्या चाचण्यांचे गुण तपासले, तेव्हा एकूण दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र सहभागींपैकी सुमारे पाव लोक आधीपासून चाललेल्या हृदयविकारविषयक अभ्यासातून आले होते. त्यांचे वय अधिक होते आणि विसराळूपणाचा धोकाही जास्त होता. त्यांच्यात यंत्र वापरणाऱ्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली दिसली.

याचा अर्थ काय? शंभरातील ४८ जणांचा स्मृतिभ्रंश टळला, असा मुळीच नव्हे. चाचणीतील गुणांच्या घसरणीचा वेग एका विशिष्ट गटात निम्म्याच्या आसपास आला, एवढेच. झालेला स्मृतिभ्रंश यंत्राने बरा होतो, असेही या अभ्यासाने म्हटलेले नाही. कारण ज्यांची बुद्धी बऱ्यापैकी शाबूत होती, असेच लोक त्यात घेतले होते.

दुसरा आकडा लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालातील आहे. स्मृतिभ्रंशाशी संबंधित आणि टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत श्रवणदोषाचा समावेश असून त्याचा वाटा सुमारे ७ टक्के धरला आहे. हा अंदाज संपूर्ण समाजाचा आहे; तुमच्या आजोबांचे भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि एकटेपणा हेही त्याच यादीत आहेत आणि त्यांवर उपाय करणे आपल्या हाती आहे.

मग यंत्र घ्यावे की नाही? ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर घ्यावे, पण त्याचे कारण वेगळे आहे. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी वयोमानाने झिजतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे स्वर निसटतात. स, श, फ, थ हे वर्ण ऐकू येईनासे होतात. म्हणूनच वृद्ध म्हणतात, ‘आवाज येतो, पण समजत नाही.’ गोळी ‘सात’ वाजता घ्यायची की ‘आठ’ वाजता, येथे घोटाळा होतो. उत्तर चुकले की घरचे लोक ‘यांना आता कळत नाही’ असे म्हणून बोलणे कमी करतात आणि माणूस भरल्या घरात एकटा पडतो. स्मरणशक्तीची चाचणीही तोंडी प्रश्नांनीच होते. त्यामुळे विसराळूपणाचा शिक्का मारण्यापूर्वी कान तपासणे अगत्याचे आहे. संवाद परत मिळणे हा यंत्राचा भरवशाचा लाभ आहे आणि तो काही लहान नव्हे.

तपासणीचा क्रम सोपा आहे. प्रथम कानात मळ साचला आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. काडी किंवा गरम तेल घालू नये. नंतर ऑडिओमेट्री करावी. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. यंत्र तपासणीशिवाय घेऊ नये. कानाला सवय होण्यास काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत ते कपाटात ठेवू नये. राज्य शासनाच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपयांची तरतूद आहे आणि श्रवणयंत्र त्या साधनांत येते. समाजकल्याण कार्यालयात त्याची माहिती घ्यावी.

एका किंवा दोन्ही कानांनी अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र ते दुखणे अंगावर काढू नये. ही तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांना गाठावे.

घरच्यांनी ओरडून बोलू नये, त्याने शब्द अधिकच फाटतात. दूरदर्शन संच बंद करावा, उजेडात समोर बसावे, सावकाश बोलावे आणि न समजल्यास तेच वाक्य निराळ्या शब्दांत सांगावे. यासाठी पैसा लागत नाही, आणि यंत्र असो वा नसो, याचा उपयोग आजपासूनच होतो.