काठावर पास झालेली सीडी

छत्रपती संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत. २००१ मध्ये शहराजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली, पुढे तिथेच ऑडीच्या गाड्याही तयार होऊ लागल्या, आणि २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज एकदम घेतल्या तेव्हा त्याची बातमी देशभर गाजली. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कॅसेटची जागा सीडीने घेतली तीही याच वर्षांत. या काळातल्या अनेक गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे सुखाने चालताहेत आणि त्यांच्यासोबत एक जुनी तक्रारही चालत आली आहे. दुकानातून विकत घेतलेली सीडी डेकमध्ये वाजते. घरी संगणकावर राइट केलेली घातली की डेक थोडा वेळ घरघरतो, ‘नो डिस्क’ किंवा ‘एरर’ दाखवतो आणि सीडी बाहेर ढकलतो. तीच सीडी घरच्या प्लेअरवर मात्र बिनतक्रार वाजते. यावर तीन उत्तरं ठरलेली असतात : डेकचं हेड गेलं, ब्लँक सीडी लोकल निघाली, किंवा कंपनीने मुद्दाम लॉक टाकलंय. पहिल्या दोहोंत थोडं थोडं तथ्य आहे, तिसऱ्यात जवळजवळ नाही. खरी गोष्ट अशी, की घरी राइट केलेली सीडी मुळातच काठावर पास झालेली असते. घरच्या प्लेअरमध्ये तेवढे गुण पुरतात, गाडीत ते कमी पडतात. कुठे आणि किती कमी पडले, हे डेक ज्या पद्धतीने नकार देतो त्यावरून बरंच कळतं.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये सीडीचं मानक ठरवलं आणि १९८२ मध्ये ती बाजारात आली. कारखान्यात तयार होणाऱ्या सीडीत १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेट चकतीवर साच्याने सूक्ष्म खळगे दाबलेले असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. डेकमधला लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टाकतो. प्लॅस्टिकमध्ये शिरल्यावर ही तरंगलांबी ५०० नॅनोमीटरच्या आसपास येते, आणि खळग्याची खोली तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी किंवा किंचित कमी ठेवलेली असते. त्यामुळे खळग्यावरून परतलेला प्रकाश आणि शेजारच्या सपाटीवरून परतलेला प्रकाश एकमेकांना बरेचसे मारतात, आणि डेकला तिथे अंधार दिसतो. बाकी ठिकाणी उजेड परततो. मानकानुसार हा परतावा किमान ७० टक्के हवा. घरी राइट करायच्या सीडीवर खळगे नसतातच. तिच्यात आधीच कोरलेली एक सर्पिल खाच असते आणि त्या खाचेत सायनिन, थॅलोसायनिन किंवा ॲझो जातीच्या रंगद्रव्याचा थर असतो. बर्नरचा लेझर तो थर जागोजागी भाजतो, भाजलेली जागा प्रकाश कमी परतवते आणि वाचणाऱ्या लेझरला ती खळग्यासारखी भासते. परताव्याची मर्यादा इथे ६५ टक्क्यांवर आणलेली आहे. पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येणारी आरडब्ल्यू सीडी तर वेगळ्याच मिश्रधातूची असते आणि तिचा परतावा १५ ते २५ टक्केच असतो. जुन्या डेकला एवढ्या मंद उजेडाचा संकेत वाढवून घेता येत नाही, त्यामुळे तिथे आरडब्ल्यू चालत नाही यात नवल काहीच नाही. प्रश्न आहे तो साध्या आर सीडीचा, जी चालायला हवी आणि तरी चालत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वाजवी आहे. सीडीवरचं संगीत डिजिटल असतं, म्हणजे शून्य आणि एक. कॉपी एकतर बरोबर उतरेल किंवा चुकेल. ‘थोडी कमी चांगली कॉपी’ हा प्रकार आला कुठून? संगणकातल्या फाइलपुरतं हे शंभर टक्के खरं आहे. चकतीवर मात्र शून्य-एक असं काही लिहिलेलं नसतं. तिथे असतात फक्त लांब-आखूड खुणा, एकूण नऊ ठरावीक लांबींच्या. सर्वांत आखूड खूण सुमारे ०.८३ मायक्रोमीटरची, सर्वांत लांब ३ मायक्रोमीटरच्या थोडी पुढे, आणि लगतच्या दोन लांबींमधला फरक अवघा ०.२८ मायक्रोमीटर. चकती लेझरपुढून सेकंदाला साधारण १.२ मीटर वेगाने सरकते, म्हणजे हा फरक ओळखायला डेकला मिळतो २३१ नॅनोसेकंदांचा अवधी. खुणेची कड ठरल्या जागेपासून किती डळमळावी याचीही मर्यादा मानकात आहे : ३५ नॅनोसेकंद. चकतीवर मोजायचं तर हे ४० नॅनोमीटरच्या आसपास भरतं. साच्याने दाबलेल्या खळग्याची कड रेखीव असते. रंगद्रव्य भाजून केलेल्या डागाची कड उष्णता किती पसरली त्यावर ठरते. बाहेर येणारी माहिती डिजिटल असली तरी ती वाचली जाते उजेड-अंधाराच्या चढउतारातून, आणि त्या चढउतारात कमीअधिक गुणवत्ता असतेच.

राइट करण्याच्या वेगाचं महत्त्व यातून येतं. प्रत्येक ब्लँक सीडीच्या खाचेत एक बारीक नागमोडी लहर असते आणि तिच्यात उत्पादकाचा संकेतांक व लेझरच्या शक्तीबद्दलच्या सूचना लपवलेल्या असतात. बर्नर ती वाचतो, आपल्या यादीत तो संकेतांक शोधतो आणि लेझर किती जोराने, किती क्षण मारायचा ते ठरवतो. यादीत नसलेली सीडी आली तर त्याला अंदाजाने काम भागवावं लागतं. ‘लोकल’ सीडीबद्दलच्या तक्रारीतला खरा भाग हा. ५२ पट वेगाने राइट करताना एका डागाला मिळणारा वेळ ५२ पटींनी आकसतो आणि कडा विस्कटतात. म्हणून सर्वांत कमी वेग उत्तम, असा समज पसरला. तोही अर्धवट आहे, कारण नंतरच्या काळातल्या सीड्यांचं रंगद्रव्य जलद भाजण्यासाठीच बनवलेलं होतं आणि १ किंवा २ पट वेगाला ते नीट साथ देत नाही. बहुतेक सीड्यांना ८ ते १६ पट वेग मानवतो. एवढं बिघडूनही घरचा प्लेअर सीडी वाजवतो, कारण आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितींनी १९६० मध्ये मांडलेली चूक-दुरुस्तीची पद्धत प्रत्येक सीडीत वापरलेली असते. तिच्यामुळे चकतीवरचा अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग पट्टा वाचता आला नाही तरी मूळ संगीत जसंच्या तसं उभं करता येतं. याचीच दुसरी बाजू अशी, की चुका दुरुस्त होत असताना ऐकणाऱ्याला काहीही कळत नाही. ‘घरी वाजते म्हणजे सीडी ठणठणीत आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही. ती दुरुस्तीच्या आधारावर जेमतेम उभी आहे की भक्कम आहे, हे नुसतं वाजण्यावरून समजत नाही.

आता हीच सीडी गाडीत घाला. मे महिन्यात इथला पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि उन्हात काचा लावून उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत सहज तापतो. पॉलिकार्बोनेट एवढ्याने वितळत नाही, ते मऊ पडायला १४० अंशांच्या वर जावं लागतं. पण चकतीला बाक येऊ शकतो आणि रंगद्रव्य ऊन-उष्णतेने फिकं पडत जातं. लेझर डायोडलाही उष्णता सोसत नाही. तापलेल्या डायोडला तेवढाच उजेड देण्यासाठी जास्त विद्युतप्रवाह लागतो, आणि वय झालेला डायोड तो पुरवताना दमतो. त्यात शेंद्रा-चिकलठाण्याकडची धूळ लेन्सवर बसते आणि जाणारा उजेड व परतणारा उजेड, दोन्ही कमी करते. लेन्स सरकवणाऱ्या पट्टीवरचं ग्रीस वर्षानुवर्षांच्या उष्णतेने घट्ट होतं. रस्त्याच्या प्रत्येक दणक्याला लेन्सला पुन्हा नेम धरावा लागतो. यातलं प्रत्येक कारण थोडे थोडे गुण कापतं. कारखान्याच्या सीडीकडे शिल्लक भरपूर असल्याने ती तग धरते. घरी राइट केलेली आधी बाद होते, आणि मालकाला वाटतं की डेकला तिचंच वावडं आहे.

निदान करताना म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी कारखान्यात तयार झालेली, ओरखडा नसलेली सीडी घालावी. तीही अडखळली तर दोष डेकचा. राइट करण्याचे वेग बदलत बसण्यात अर्थ नाही. ती नीट वाजली तर दुसऱ्या गाडीत चालणारी राइट केलेली सीडी इथे घालून पाहावी. नकार कधी येतो, याकडेही लक्ष हवं. सीडी आतून बाहेर वाचली जाते : पहिलं गाणं मध्याजवळ, शेवटचं परिघाजवळ. सगळ्यात आत सूची असते, म्हणजे कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची नोंद. सीडी घालताच नकार आला तर सूची वाचताच आली नाही, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण सीडी ‘फायनलाइज’ न करणं हे आहे. संगणकाचा ड्राइव्ह अर्धवट सोडलेली सीडी समजून घेतो, साध्या डेकला ते जमत नाही. एका सीडीवर दोन-तीन बैठकांत गाणी भरली असतील तर ऑडिओ डेक बहुधा पहिल्या बैठकीचीच ओळखतो. एकच ट्रॅक दिसतो आणि आवाज येत नाही, अशी स्थिती असेल तर ती एमपी३ फाइलींची डेटा सीडी आहे आणि डेकमध्ये एमपी३ उलगडणारी चिप नाही. राइट करताना ‘ऑडिओ सीडी’ हा पर्याय निवडला की काम झालं. सुरुवातीची गाणी नीट आणि शेवटची अडखळत असतील तर संशय चकतीच्या बाकावर, जास्त वेगाने राइट करण्यावर किंवा ८० मिनिटांच्या पुढे ताणलेल्या सीडीवर घ्यावा, कारण बाक परिघाशीच सर्वांत जास्त जाणवतो. सकाळी वाजते आणि दुपारी नाही, तर कारण उष्णता. पावसाळ्यात गाडी सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप वाजू लागते, तर लेन्सवर दमटपणा धरला होता.

कंपनीने लॉक टाकल्याचा संशय मात्र हवेतला नाही, कारण अशी कुलपं खरोखर बनली आहेत. सोनीच्या १९९४ च्या प्लेस्टेशनमध्ये मूळ डिस्कच्या आतल्या भागातली खास नागमोडी लहर तपासली जाई आणि ती नसलेली कॉपी नाकारली जाई. पण तिथे कुलूप घालण्यासाठी मूळ डिस्कच वेगळी छापावी लागली. साध्या संगीताच्या सीडीत अशी कोणतीही खूण नसते, तेव्हा डेकने तपासायचं काय? उलट घडलेलं मात्र दिसतं. २००० नंतरच्या काही वर्षांत संगीत कंपन्यांनी कॉपी रोखण्यासाठी सीडीच्या मांडणीत मुद्दाम गडबड करून पाहिली, आणि विकत घेतलेल्या त्या अस्सल सीड्याच गाडीतल्या डेकवर अडकू लागल्या. मानकाशी फारकत घेतली की डेक अडतो, मग चकती घरची असो वा कारखान्याची.

उपायांपैकी एकाला माझा ठाम विरोध आहे : ‘हेडची पॉवर वाढवून देतो’. डेकच्या सर्किटवरचा एक छोटा स्क्रू फिरवून लेझरला जास्त प्रवाह देता येतो आणि राइट केलेल्या सीड्या लगेच वाजायलाही लागतात. पण दमलेल्या डायोडवर तो जास्तीचा भार असतो. तो लवकर जळतो आणि मग अस्सल सीड्याही बंद. त्याआधी लेन्स स्वच्छ करून घ्यावी, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने आणि हलक्या हाताने. लेन्स प्लॅस्टिकची असल्याने पेट्रोल किंवा थिनर तिला कायमची अंधुक करतं. सीडीवर कागदी लेबल चिकटवू नये. गाडीच्या उष्णतेत त्याचा गोंद सुटतो, कोपरा उचकटतो आणि अरुंद फटीच्या डेकमध्ये सीडी अडकून बसते. नाव लिहायला बॉलपेनही नको, कारण परावर्तक थर छपाईच्या बाजूलाच, लाखेच्या एका पातळ पापुद्र्याखाली असतो. खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वरून उमटलेली रेघ जास्त घातक ठरते.

आता ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह असताना ही उठाठेव कशासाठी, असं कोणी विचारेल. गाडीत गाणी ऐकणं एवढाच हेतू असेल तर डेक बदलणं सोपं आहे, हे मान्य. पण त्या काळात लोकांनी नुसती सिनेमाची गाणी राइट केली नाहीत. घरातल्या बारशाचं, मुंजीचं ध्वनिमुद्रण, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, आजीच्या तोंडच्या ओव्या हेही त्याच सीड्यांवर गेलं, आणि अनेकदा त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. रंगद्रव्य फिकं पडत जाणं थांबवता येत नाही. काल वाजणारी सीडी आज गाडीच्या डेकने नाकारली आणि डेक अस्सल सीड्यांवर ठीक असेल, तर त्या सीडीची दुरुस्तीची ताकद संपत आल्याची ती पूर्वसूचना आहे. अशी सीडी पुन्हा पुन्हा गाडीत घालून पाहू नये. ती सावलीत काढून ठेवावी, मऊ कापडाने मध्यापासून परिघाकडे सरळ पुसावी (गोल पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग पट्टा निकामी होतो) आणि संगणकाच्या ड्राइव्हवर कमी वेगाने, एमपी३ न करता वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात उतरवून घ्यावी. एका ड्राइव्हने हात टेकले तर दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह वापरून पाहावा. त्यांच्या वाचण्याच्या ताकदीत मोठा फरक असतो. फाइल हाती आली की तिच्या दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि गाडीसाठी हवी तर नवी ऑडिओ सीडी १६ पट वेगाने, एकाच बैठकीत, फायनलाइज करून राइट करावी.